जुलैतलं नॉन-लीग: इंग्लंडच्या छोट्या मैदानांवरच्या फ्रेंडली मॅच कशा गाठायच्या

मे महिन्यात सीझन संपला की ऑगस्टपर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉल नाही, असं इथे नव्याने आलेल्या बहुतेकांना वाटतं. मोठे क्लब अमेरिका नाहीतर आशियाच्या दौऱ्यावर असतात आणि टीव्हीवर फक्त ट्रान्सफरच्या बातम्या चालू असतात. पण जूनअखेरपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथल्या उपनगरांत आणि खेड्यांत छोट्या क्लबांच्या शेकडो फ्रेंडली मॅच होतात. तिकीट साधारण पाच ते दहा पौंड आणि लहान मुलं बऱ्याचदा फुकट. प्रेक्षक शंभर-दोनशे, उजेड रात्री नऊपर्यंत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅच पाहिलेल्या माणसाला गल्लीतला क्लब म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. गोंगाट मात्र तिथल्या दहाव्या हिश्शाचाही नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: या दिवसांत मॅच पाहून मैदान निवडू नका, मैदान पाहून मॅच निवडा. फ्रेंडलीचा निकाल आठवड्याभरात कुणाच्या लक्षात राहत नाही. खेळाडू अर्धे अनोळखी असतात आणि प्रतिस्पर्धी आदल्या दिवशी बदलू शकतो. मैदान मात्र जिथल्या तिथे असतं.

पायऱ्या समजून घ्या

वरचे चार विभाग म्हणजे प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. त्यांच्या खालचं सगळं नॉन-लीग. त्याच्या पायऱ्यांना स्टेप म्हणतात. स्टेप १ म्हणजे नॅशनल लीग, २४ क्लबांची आणि बरीचशी पूर्णवेळ व्यावसायिक. स्टेप २ ला तिचे नॉर्थ आणि साउथ असे दोन भाग. स्टेप ३ आणि ४ वर इस्थमियन, सदर्न आणि नॉर्दर्न प्रीमियर या तीन लीग. स्टेप ५ आणि ६ वर कम्बाइन्ड काउंटीज, एसेक्स सीनियर अशा प्रादेशिक लीग. त्याखाली स्टेप ७ आणि काउंटीच्या लीग, जिथे मैदानाला फ्लडलाइट असेलच असं नाही.

वेळापत्रक या पायऱ्यांवरच ठरतं. स्टेप ५ आणि ६ चा सीझन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारच्या आसपास एफए कप या बाद-स्पर्धेची अगदी पहिली, ‘एक्स्ट्रा प्रिलिमिनरी’ फेरी येते. म्हणजे या क्लबांच्या फ्रेंडली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातच आटोपतात. स्टेप १ ते ४ ची लीग साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, त्यामुळे त्यांच्या फ्रेंडली ऑगस्ट उजाडेपर्यंत चालतात. तेव्हा आधी खालच्या पायरीचे क्लब करा, मग वरचे. उलटा क्रम धरलात तर जुलैअखेर खालच्या क्लबांच्या फ्रेंडली संपलेल्या असतील आणि तिकीटही सीझनच्या दराने घ्यावं लागेल.

मॅचचे वार म्हणजे शनिवार आणि मंगळवार, पण या दिवसांत बुधवार-गुरुवारीही भरपूर असतात. आठवड्यातल्या संध्याकाळी किक-ऑफ साडेसात किंवा पावणेआठला. शनिवारी नेहमीचे तीन गृहीत धरू नका. उन्हामुळे, किंवा त्याच दिवशी राखीव संघाचीही मॅच असल्यामुळे, बारा, एक, दोन असं काहीही असतं. जुलैच्या सुरुवातीला लंडनमध्ये सूर्य साधारण सव्वानऊनंतर मावळतो, महिनाअखेर नऊच्या दहा मिनिटं आधी. फ्लडलाइट नसलेली मैदानं करायची असतील तर जुलैचा पहिला पंधरवडा हीच वेळ. तिथे मॅच साडेसहाच्या सुमारास सुरू होते आणि साडेआठला संपते.

मॅच खरंच होणार आहे का?

सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. लीगच्या मॅचचं वेळापत्रक लीग ठरवते. फ्रेंडली ठरते दोन मॅनेजरांच्या फोनवर, आणि मोडतेही तशीच. मे-जूनमध्ये क्लब ‘प्रीसीझन वेळापत्रक’ म्हणून एक चित्र टाकतात. ते पुढे बदललं तरी चित्र तेच फिरत राहतं. म्हणून तपासणी अशी करा.

यजमान क्लबची यादी पाहिलीत की पाहुण्या क्लबचीही पाहा. तारीख, वेळ आणि ठिकाण या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. एकीकडे ‘होम’ आणि दुसरीकडेही ‘होम’ असेल तर कुणीतरी जुनं चित्र काढलेलं नाही. तीन दिवस आधी पुन्हा पाहा. मॅचच्या दिवशी घर सोडण्यापूर्वी यजमानांचं एक्स खातं उघडा, कारण शेवटच्या क्षणाचा बदल बहुतेक वेळा आधी तिथेच येतो आणि वेबसाइटवर दुसऱ्या दिवशी. फुटबॉलॉजीसारखं ॲप आसपासच्या मॅच एका नकाशावर दाखवतं. त्यावरून शोध सुरू करायला हरकत नाही, पण फ्रेंडलीसाठी तेवढ्यावरच विसंबू नका. दुपारनंतरही क्लबच्या खात्यावर मॅचबद्दल अक्षर नसेल तर सरळ मेसेज करून विचारा. खालच्या पायऱ्यांवर क्लबचं खातं कुणीतरी स्वयंसेवकच सांभाळत असतो, आणि उत्तर बहुधा येतं.

बदल का होतात ते कळलं की कुठे संशय घ्यायचा हेही कळतं. पहिलं कारण गवत. सीझन संपला की गवती मैदान खरवडून, वाळू टाकून नव्याने पेरतात. राय गवत आठ-पंधरा दिवसांत उगवतं, पण बुटांखाली टिकायला त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि गोलसमोरचा पट्टा सगळ्यात उशिरा भरतो. कोरडा मे-जून गेला आणि पाणी कमी पडलं तर मैदान जुलैच्या मध्यापर्यंत तयार होत नाही. मग घरची मॅच पाहुण्यांकडे किंवा एखाद्या शाळेच्या थ्रीजीवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, हलते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात थ्रीजीवाली मैदानं ठेवा आणि फ्लडलाइट असलेली गवताची जुलैच्या उत्तरार्धात.

दुसरं कारण खेळाडू. खालच्या पायरीचे खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि जुलैत सुटीवर जातात. अकरा जण जमले नाहीत की पाहुणे माघार घेतात आणि यजमान दुपारपर्यंत दुसरा संघ शोधतात. मॅच होते, पण ठरली होती ती नव्हे.

तिसरी गोष्ट बदल नसून न वाचलेली बारीक अक्षरं. मोठ्या क्लबच्या नावापुढे ‘इलेव्हन’ लिहिलं असेल तर पहिला संघ येणार नाही. येतील ते एकवीस वर्षांखालचे किंवा अकादमीतले, फार तर दुखापतीतून उठलेला एखादा ओळखीचा चेहरा. यात फसवाफसवी नाही. अशा मॅच कधी जुन्या संबंधांतून होतात, कधी एखाद्या खेळाडूच्या व्यवहाराचा भाग म्हणून ठरतात. बोरहॅमवुडच्या मेडो पार्कवर आर्सेनलचा संघ कित्येक जुलैंत येऊन गेला आहे. पण नामांकित चेहरे पाहायला म्हणून दुप्पट तिकीट काढून जाल तर हिरमोड होईल. ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ म्हणजे प्रेक्षकांना प्रवेश नाही. तिथे गोड बोलून आत शिरायचा प्रयत्न करू नका. आणि ‘चार गुणिले तीस मिनिटं’ असं लिहिलं असेल तर ती मॅच कमी आणि कसरत जास्त. दोन तास चालते, तेव्हा परतीची गाडी त्या हिशेबाने पाहा.

ठिकाण म्हणजे क्लबचं नाव नव्हे. बरेच क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळतात, कधी कधी पार दुसऱ्या गावात. पोस्टकोड नेहमी यजमानांच्या ताज्या पोस्टवरून घ्या.

कुठून सुरुवात करावी

लंडन आणि परिसरातल्या मराठी मंडळींसाठी दोन सोपी थ्रीजी मैदानं आहेत. हेंडन क्लबचं सिल्व्हर ज्युबिली पार्क किंग्जबरीला आहे. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला येणाऱ्यांना तो भाग अगदी शेजारचा. स्लाउ टाउनचं आर्बर पार्क २०१६ मध्ये सुरू झालं. एलिझाबेथ लाइनने स्लाउ स्टेशनला उतरून साधारण वीस मिनिटं चालायचं. दोन्ही ठिकाणी सगळं नीटनेटकं असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि मुलांना घेऊन जाणाऱ्याला बरं पडतं. थ्रीजीचा तोटा एवढाच की कडक उन्हात ते सभोवतालच्या हवेपेक्षा बरंच जास्त तापतं आणि काठाला उभं राहिलं तरी रबराचे काळे कण मोज्यांत जातात.

गवताच्या मैदानांत डलिच हॅम्लेटचं चॅम्पियन हिल स्टेशनच्या सोयीने पहिलं. ईस्ट डलिचला उतरलं की दोन-चार मिनिटांत गेट. गुलाबी-निळे रंग, आणि नॉन-लीगच्या मानाने गर्दी भरपूर. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये इथे फुटबॉलची मॅच झाली होती. त्याच स्पर्धेत ३१ जुलैला भारताचा संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी, फ्रान्सशी इलफर्डला खेळला आणि १-२ हरला. दोन पेनल्टी वाया गेल्या. पूर्व लंडनच्या मैदानांना जाणार असाल तर एवढं ठाऊक असलेलं बरं.

टॉलवर्थ स्टेशनजवळच्या किंग जॉर्जेस फील्डवर कॉरिंथियन-कॅज्युअल्स खेळतात. खेळाडूंना पैसे न देणारा हा हौशी क्लब. ब्राझीलच्या कॉरिंथियन्सने १९१० मध्ये नाव घेतलं ते यांच्या पूर्वज क्लबावरून. मैदान अगदी साधं, पण क्लबहाउसच्या भिंती वाचायला तासभर पुरत नाही.

एकच दिवस आणि एकच मैदान असेल तर ससेक्समधलं लुइस. मैदानाचं नाव ‘ड्रिपिंग पॅन’, स्टेशनपासून पाच मिनिटं. खोलगट जागा, बाजूला गवताचे चढ, मागे खडूच्या टेकड्या. २०१७ पासून या क्लबाने पुरुष आणि महिला संघांना सारखंच मानधन ठरवलं, त्यामुळे महिला संघाच्या जुलैतल्या फ्रेंडलीही तपासा. उत्तरेत असाल तर शेफील्डच्या क्रॉसपूल भागातलं सँडीगेट: हॅलम क्लबचं मैदान, १८६० पासून वापरात आणि जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीजच्या नोंदीत. त्याचा उतार फोटोत कळत नाही. वरच्या टोकाला उभं राहून चेंडू खालच्या कोपऱ्याकडे आपसूक घरंगळताना पाहिला की कळतो. एक हाफ चढाच्या बाजूने पाहा आणि दुसरा उताराच्या.

जाणं-येणं आणि गेट

पावणेआठची मॅच साडेनऊच्या पुढे जाऊन संपते. कुणी जखमी पडलं आणि अँब्युलन्सची वाट पाहावी लागली तर आणखी उशीर, किंवा मॅच तिथेच सोडून दिली जाते. जाताना कसं जायचं यापेक्षा परतीची शेवटची बस आणि तिच्या आधीची बस कोणती, हे आधी पाहा. गावांतल्या बस संध्याकाळी सातनंतर बहुधा बंद होतात. लंडनबाहेर बऱ्याच बसचं एकेरी भाडं २०२५ पासून तीन पौंडांवर थोपवलेलं आहे, तेव्हा बस असेल तर स्वस्त पडते. शनिवारी-रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून ट्रेन आदल्या रात्री पुन्हा तपासा. नकाशा कधी कधी मैदानाच्या मागच्या कुंपणाशी सोडतो आणि गेट पलीकडच्या रस्त्यावर असतं. दहा मिनिटं हातची ठेवा.

किक-ऑफच्या चाळीस मिनिटं आधी पोहोचा. खिशात पाच-पाचच्या दोन नोटा आणि थोडी एक-दोन पौंडांची नाणी असू द्या. गेटवर कार्ड चालतं बऱ्याच ठिकाणी, पण मैदानाच्या कोपऱ्यात नेटवर्क गेलं की मशीन गप्प बसतं, आणि खालच्या पायरीवर काही ठिकाणी रोखच चालते. वीसची नोट काढलीत तर गेटवरच्या काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र दाखवून सवलत विचारायला लाजू नये.

छापील प्रोग्रॅम फ्रेंडलीला बहुधा नसतो. एका कागदावर दोन्ही संघांची यादी असते. ती गेटवर, बारवर किंवा टी-हटच्या, म्हणजे चहा-खाण्याच्या टपरीच्या, खिडकीला चिकटवलेली मिळते. घ्यायला प्रत नसेल तर चिकटवलेल्या यादीचा फोटो काढून ठेवा. ‘गोल्डन गोल’चं तिकीट एक पौंडाला मिळतं: आत एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. पैसे क्लबला जातात, म्हणून घ्यावं.

उभं कुठे राहायचं

मैदानाभोवती कमरेएवढं लोखंडी कठडं असतं आणि त्यामागे काँक्रीटची पट्टी. खेळाडू आणि तुम्ही यांत दोन-तीन मीटर. स्टँडमध्ये बसण्यापेक्षा या कठड्यावर कोपर टेकणं चांगलं. पहिला हाफ डगआउटच्या, म्हणजे कोच आणि बदली खेळाडूंच्या बाकांच्या, शेजारी काढा. टीव्हीवर कधी ऐकू न येणारं सगळं इथे ऐकू येतं: सेंटर-बॅक सतत कुणाला आत ओढतो आहे, लेफ्ट-बॅकला वर जाऊ नकोस म्हणून कोच किती वेळा ओरडतो. मुलं बरोबर असतील तर तिथली भाषा लक्षात घेऊन थोडं लांब उभे राहा.

जुलैत संध्याकाळचा सूर्य वायव्येला असतो. मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला उभे राहिलात तर ऊन पाठीशी येतं. पूर्वेकडून आठ वाजता समोरचा विंगर दिसतच नाही. वॉर्म-अप चालू असताना गोलच्या मागे चहा घेऊन उभं राहू नका. तिथे एकामागून एक शॉट येतात आणि जाळीबाहेरचा प्रत्येक चेंडू कठड्यावर आदळतो. बॉलबॉय नसतात. चेंडू तुमच्याकडे आला की परत द्यायचा, कुंपणापलीकडे गेला तर जवळचा माणूस आणायला जातो, आणि तो जवळचा माणूस तुम्हीही असू शकता.

दोन्हीकडचे प्रेक्षक सहसा एकत्रच असतात. हाफटाइमला लोक एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे चालत जातात, कारण आपला संघ आता तिकडे हल्ला करणार. तुम्हीही जा. मैदानाला एक पूर्ण फेरी त्यातच होते.

पाहायचं काय

यादीत ‘ट्रायलिस्ट’ असं लिहिलेले तीन-चार जण असतील. हे चाचणी देणारे खेळाडू. कुणी दुसऱ्या क्लबशी बोलणी करत असतो, कुणी अजून करारात असतो, म्हणून नाव मुद्दाम लपवलेलं असतं. तुम्ही ओळखलंत तरी नेटवर टाकू नका. बदली खेळाडूंना मर्यादा नसते, बाहेर गेलेला पुन्हा आत येतो, शर्टांचे नंबर यादीशी जुळत नाहीत आणि लाउडस्पीकर गप्प असतो. नोंद ठेवायची असेल तर नंबराऐवजी बुटाचा रंग आणि जागा लिहा: ‘केशरी बूट, राइट-बॅक’. हाफटाइमला अकराच्या अकरा बदलतात, तेव्हा नवं पान उघडा.

खेळ पाहायचा तर पहिली तीस-चाळीस मिनिटं. तेव्हा ठरवलेली रचना दिसते. साठाव्या मिनिटानंतर इतके बदल होतात की कुणाला काही सिद्ध करायचं असेल तर ते ट्रायलिस्टनाच. त्यांच्याकडे बघत बसणं हा मात्र या दिवसांतला खरा तमाशा आहे. हरलेल्या चेंडूमागे पळणारा, कधीच न मिळणारा पास हात वर करून मागणारा, प्रत्येक थ्रो-इनआधी डगआउटकडे चोरून पाहणारा.

खाणं-पिणं

टी-हटमध्ये चहा, चिप्स, बर्गर, बेकन रोल. शाकाहाऱ्यांसाठी चिप्स किंवा चीज घातलेल्या चिप्स, आणि नशिबात असेल तर चीज-कांद्याची पाय. विचारायच्या दोन गोष्टी. चिप्स कशात तळल्या? विशेषतः यॉर्कशायरकडे गोमांसाच्या चरबीत तळायची पद्धत अजून आहे. आणि चहाच्याच कपात मिळणारं वाफाळतं तपकिरी ‘बोव्हरिल’ हा गोमांसाचा अर्क आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी शेजारच्याने आग्रह केला तरी घेऊ नये. फ्रेंडलीला गर्दी कमी धरून माल कमी आणतात, हाफटाइमला पाव संपतात. खायचं असेल तर चाळिसाव्या मिनिटाला रांगेत उभे राहा.

बिअर प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन कठड्याशी उभं राहणं स्टेप २ आणि त्याखाली सहसा चालतं. वरच्या चार विभागांतला किंवा नॅशनल लीगच्या वरच्या विभागातला संघ खेळत असेल तर १९८५ च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. एरवी मोकळं असणारं मैदान त्या एका संध्याकाळी कडक होतं, आणि नेहमीच्या लोकांनाही बारच्या दारावर अडवलं जातं. दारावरची पाटी वाचा.

कुत्री पट्ट्यासकट बऱ्याच गवती मैदानांवर चालतात, थ्रीजीवर बहुधा नाही. फोटो बिनधास्त काढा, पण मॅस्कॉट म्हणून आलेल्या किंवा काठावर खेळणाऱ्या मुलांचे नको.

मॅच संपल्यावर शेवटच्या बसला वेळ असेल तर क्लबहाउसमध्ये अर्धा तास बसा. खेळाडू आंघोळ करून तिथेच जेवायला येतात, आणि पुढच्या आठवड्यातली कोणती मॅच खरंच होणार आणि कोणती रद्द झालेली आहे, हे सेक्रेटरी तिथेच सांगून टाकतात.